बाईकला मोठी काच लावली आणि डोकं जास्तच हलायला लागलं, असं का होतं?

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला चांगली वीस इंच उंच विंडस्क्रीन बसवून घेतली. कारण साधं होतं, मी दर पंधरा दिवसांनी पुण्याहून कराडला जातो, साधारण एकशे साठ किलोमीटर, आणि सातारा सोडला की समोरून जो वारा लागतो त्यानं घरी पोचेपर्यंत मान आणि खांदे भरून येतात. दुकानदार म्हणाला आता वारा विसरा. पहिल्याच फेरीला छाती एकदम शांत, शर्टसुद्धा फडफडत नव्हता, मला फार बरं वाटलं, पण सत्तरच्या पुढं गेलो की हेल्मेट असं थरथरायला लागलं की समोरचा बोर्ड वाचता येईना, दोन अक्षरं एकमेकांत मिसळल्यासारखी दिसायची आणि पाचवडला चहाला थांबलो तेव्हा डोळे दुखत होते. म्हणजे पैसे घालून त्रास छातीवरनं उचलून डोक्यावर ठेवला होता. दुकानात परत गेलो तर सल्ला मिळाला की काच कमी पडतेय, अजून उंच घ्या. तो सल्ला चुकीचा होता, आणि हे मला कळायला सहा महिने गेले. तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडं कोण वायझर म्हणतं, कोण विंडशिल्ड, कोण नुसतं काच, आणि हेडलाईटच्या भोवती जे छोटं कव्हर असतं त्याला डूम म्हणतात. हेल्मेटच्या पुढच्या काचेलाही वायझरच म्हणतात. मी इथं बाईकला लावायच्या पारदर्शक पत्र्याला काच म्हणतोय, जरी ती काच नसून प्लास्टिक असतं तरी.

आता वारा म्हणजे नेमका किती, हे जरा आकड्यात बघू कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदीच आहे, आणि बाकी चौपदरी हायवेवर बाईकला ८० ची मर्यादा आहे, म्हणून आपण ८० च धरू. बसलेल्या माणसाची छाती आणि खांदे मिळून दीड फूट बाय दोन फूट एवढा भाग वाऱ्यासमोर असतो असं समजा. चाळीसच्या स्पीडला या भागावर दोनेक किलोचा दाब येतो, तो आपल्याला जाणवतसुद्धा नाही. ऐंशीला चार किलो होईल असं आपल्याला वाटतं पण तसं होत नाही, तो आठ किलोच्या आसपास जातो, कारण स्पीड दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. आणि समोरूनच तीस किलोमीटरचा वारा सुटलेला असेल, जो जून-जुलैत आपल्या भागात सहज असतो, तर तुमचा मीटर ऐंशी दाखवतोय पण तुमची छाती एकशे दहाचा वारा झेलतेय, म्हणजे पंधरा किलोच्या आसपास. सिमेंटच्या गोणीतलं पंधरा किलो सिमेंट कोणीतरी दोन तास तुमच्या छातीवर रेलून धरलंय आणि तुम्ही हँडल धरून त्याला थोपवताय असं समजा. मनगटं, खांदे, मान, पोटाचे स्नायू सगळे त्यातच खर्ची पडतात. म्हणून लांबच्या रनिंगला माणूस गाडी चालवून जेवढा दमत नाही तेवढा वारा पेलून दमतो, आणि दमलेल्या माणसाचा ब्रेक उशिरा लागतो. काच लावण्याचं खरं कारण हे आहे, दिसायला चांगली दिसते हे नाही.

मग काच लावल्यावर डोकं का हलतं?

हे मला कुठल्या व्हिडिओतनं नाही तर कृष्णेच्या पुलावर उभं राहून समजलं. कराडला पावसाळ्यात कृष्णा भरून वाहायला लागली की पुलावरनं खाली बघा. पाणी येतं तेव्हा सरळ एका पट्ट्यासारखं येतं, पुलाच्या खांबाला आपटतं, दोन्ही बाजूंनी फाकतं, आणि खांबाच्या मागं काय होतं तर पाणी गरगरायला लागतं, एकदा डावीकडनं भोवरा सुटतो, एकदा उजवीकडनं. खांबाच्या अगदी मागं चिकटून एक शांत जागा असते, तिथं काटक्या, प्लास्टिक अडकून फिरत राहतं. लांब दोन्ही बाजूंना पाणी परत सरळ वाहत असतं. पण या शांत जागेच्या आणि त्या सरळ पाण्याच्या मधला जो पट्टा आहे ना, तिथंच सगळे भोवरे असतात. आम्हाला लहानपणी पोहायला जाताना घरचे सांगायचे की खांबाच्या मागं अजिबात जायचं नाही, ते याच्यासाठीच.

हवा पाण्यासारखीच वागते, फक्त दिसत नाही. तुमची काच म्हणजे तो खांब. काचेच्या मागं शांत जागा तयार होते, तिथं तुमची छाती असते म्हणून शर्ट फडफडत नाही. काचेच्या खूप वर सरळ स्वच्छ वारा वाहत असतो. आणि काचेच्या वरच्या कडेवरून जो वारा सुटतो तो लगेच नीट होत नाही, तो गुंडाळत, भोवरे टाकत मागं येतो. मी त्याला गढूळ हवा म्हणतो. हा गढूळ पट्टा जर तुमच्या हेल्मेटवरनं जात असेल तर हेल्मेटला एकदा वरनं धक्का, एकदा डावीकडनं, एकदा उजवीकडनं, सेकंदाला कित्येक वेळा. डोकं थरथरतं म्हणून डोळे थरथरतात म्हणून बोर्ड वाचता येत नाही. इंग्रजीत याला बफेटिंग म्हणतात आणि बाईकवाल्यांच्या बोलण्यात आता तोच शब्द रुळलाय.

म्हणजे तुमचं डोकं तीन ठिकाणी असू शकतं. एक तर पूर्ण वर, स्वच्छ वाऱ्यात. तिथं वारा लागतो पण एकसारखा लागतो, आणि एकसारखा वारा मान आरामात पेलते. दुसरं, पूर्ण आत, शांत हवेत, पण त्यासाठी काच खरोखर फार मोठी आणि रुंद लागते. आणि तिसरं, मधोमध गढूळ पट्ट्यात, जी सगळ्यात वाईट जागा. माझी वीस इंची काच नेमकी तिसऱ्या ठिकाणी आणून सोडत होती. काच नव्हती तेव्हा माझं डोकं स्वच्छ वाऱ्यात होतं, छातीला त्रास होता पण डोळे ठीक होते.

म्हणून एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, काच वारा थांबवत नाही. काच फक्त वाऱ्याला कुठं फेकायचं ते ठरवते, आणि वारा फेकला की त्याची एक गढूळ कड तयार होणारच, ती कड तुमच्या डोक्यावर येणार की खांद्यावर की डोक्याच्या वरनं जाणार एवढंच तुमच्या हातात असतं. बऱ्याच जणांना खरं तर छोटी काच पुरते, जी वारा छातीवरनं उचलून खांद्याच्या किंवा हनुवटीच्या लेव्हलला आणून सोडते आणि डोकं स्वच्छ वाऱ्यात ठेवते. कंपन्यांनाही हे काम सोपं गेलेलं नाही. १९७६ साली बीएमडब्ल्यूनं आर १०० आरएस काढली तेव्हा तिचं फेअरिंग, म्हणजे पुढचं वारा कापायचं कव्हर, इटलीतल्या पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये घासूनपुसून तयार केलं होतं, म्हणजे मोठा पंखा लावून वाऱ्यात बाईक ठेवून महिनोन् महिने आकार बदलत बघणं. आपल्याकडं ते नाही, पण आपल्याकडं हायवे आहे आणि पुठ्ठा आहे, त्यावर येतो.

त्याआधी अजून एक बारीक गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती. काचेच्या मागं नुसती शांत जागा नसते, तिथं हवेचा दाब कमी झालेला असतो. दाब कमी झाला की आजूबाजूची हवा तिथं शिरायला बघते, खालनं, दोन्ही बाजूंनी, आणि तुमच्या पाठीमागूनसुद्धा. म्हणून मोठी काच लावलेल्यांना कधीकधी वाटतं की कोणीतरी मागनं पाठीवर हात ठेवून पुढं ढकलतंय. तो भास नाही, खरंच तसं होतं. यावर उपाय म्हणजे काचेच्या खालच्या कडेला आणि हेडलाईटच्या मधे थोडी फट सोडायची, दोन-तीन बोटं. त्या फटीतनं थोडी हवा आत येते, दाबाचा फरक कमी होतो आणि वरच्या कडेचे भोवरे बरेच मवाळ होतात. माझ्या काचेला तिथं रबराची पट्टी लावून फट बंद केलेली होती, बसवणाऱ्यानं मन लावून केलेलं काम होतं ते, हवा आत येऊ नये म्हणून. मी ती पट्टी काढली आणि निम्मा फरक तिथंच पडला. हे करायला एक रुपया लागला नाही.

आता आपली उंची कशी शोधायची ते सांगतो.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर नाही, कोणाला तरी धरायला लावून दोन्ही चाकांवर सरळ उभी करा, हेल्मेट आणि जॅकेट घालून तुम्ही रोज बसता तसे बसा, ताठ नाही, रोजच्यासारखे. सौ. मागं बसणार असतील तर त्यांनाही बसवा कारण मागं वजन आलं की मागचा शॉकअप बसतो, नाक वर उचललं जातं आणि काचेचा कोन बदलतो. आता समोर बघा. काचेची वरची कड तुमच्या नजरेच्या खाली पाहिजे, म्हणजे तुम्ही रस्ता काचेतनं नाही तर काचेच्या वरनं बघितला पाहिजे. ढोबळमानानं कड नाकाच्या किंवा हनुवटीच्या रेषेत यावी, आणि कडेवरनं नजर टाकली की बारा-पंधरा मीटर पुढचा रस्ता दिसावा. वारा कडेवरनं थेट मागं येत नाही, थोडा उसळून वर जातो, म्हणून कड डोळ्यांच्या खाली असली तरी वारा हेल्मेटच्या वरनं जाऊ शकतो. काचेतनंच बघावं लागेल एवढी उंच काच आपल्याकडं घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्याचं कारण पावसात आणि रात्री कळतं, तेही पुढं सांगतो.

ही झाली सुरुवात, पण तुमची पाठ किती लांब, सीट किती खाली बसलेली, हेल्मेट कुठल्या आकाराचं, यावर सगळं बदलतं, म्हणून ट्रायल घ्यावीच लागते. काच आणखी उंच हवी का हे बघायचं असेल तर नवीन विकत घ्यायच्या आधी जाड पुठ्ठ्याची किंवा जुन्या फाईलच्या प्लास्टिकची दोन-तीन इंची पट्टी वरच्या कडेला चांगल्या टेपनं चिकटवा, नजरेच्या आड येणार नाही एवढीच, आणि पन्नास-साठनं चक्कर मारून या. लोकरीच्या दोऱ्याचे बोटभर तुकडे काचेच्या मागच्या बाजूला, आणि तुमच्या हेल्मेटच्या बाजूलासुद्धा टेपनं लावा, मित्राला दुसऱ्या गाडीवरनं बाजूनं बघायला सांगा. दोरा मागं सरळ पडून राहिला की तिथं हवा स्वच्छ आहे, दोरा वेड्यासारखा गोल नाचायला लागला की तिथं गढूळ आहे. एवढा साधा प्रकार आहे पण न दिसणारी हवा डोळ्यांना दिसायला लागते.

दोरा नसेल तर अजून सोपं. रिकाम्या सरळ रस्त्यावर साठ-सत्तरला असताना सीटवरनं दोन-तीन इंच ताठ व्हा, मग दोन-तीन इंच खाली वाका. ताठ झाल्यावर आवाज आणि थरथर कमी झाली तर काच तुमच्यासाठी जास्त उंच आहे, कारण डोकं स्वच्छ वाऱ्यात गेलं. वाकल्यावर बरं वाटलं तर काच कमी पडतेय किंवा कोन बदलायला हवा. ही ट्रायल ट्रकच्या मागं असताना अजिबात घेऊ नका, कारण ट्रकच्या मागं सगळीच हवा गढूळ असते, तिथं कुठलीही काच वाईटच वाटणार.

मी काय केलं ते सांगतो. ब्रॅकेटच्या खाचेत काच दोन इंच खाली सरकवली, फरक पडला. मग थोडी मागं झुकवली. काच जेवढी उभी तेवढा वारा वर जोरात फेकला जातो पण भोवरेही मोठे होतात, मागं झुकवली की वारा जास्त शांतपणे सरकतो पण कड तुमच्या जवळ येते, यातला मधला कोन हातानंच शोधावा लागतो. तरी डोक्याच्या वरच्या बाजूला थोडी थरथर राहिली म्हणून शेवटी मेस्त्रींकडं जाऊन वरनं दोन इंच कापली. कापताना दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, बारीक दातांचं ब्लेड, हळूहळू, आणि नंतर कड कानशीनं आणि पॉलिश पेपरनं गोल करून घेतली. कड गोल करणं महत्त्वाचं आहे, पडलो तर धारदार कड गळ्याजवळ असते.

फिटिंगबद्दल. बऱ्याच बाईकचं हँडल २२ मिलिमीटर जाडीचं असतं, काही क्रूझरचं एक इंच म्हणजे २५.४ असतं, क्लॅम्प घेताना मोजून घ्या. मोठा क्लॅम्प लहान पाइपवर सायकलच्या ट्यूबचे चार वेढे देऊन बसवलेला मी बघितलाय, तो खड्ड्यात फिरतो आणि काच तोंडाकडं येते. सगळे बोल्ट आधी हातानंच सैल लावायचे, मग काच बघून मधोमध आणायची, समोर दहा फुटांवर उभं राहून बघायची, आणि मगच आवळायला सुरुवात करायची. आवळायच्या आधी हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवा. क्लचची केबल, थ्रॉटलची म्हणजे रेसची केबल, ब्रेकचा होज कुठं ताणला जातोय का, ब्रॅकेटला घासतोय का हे बघा. गाडी चालू करून न्यूट्रलला हँडल दोन्हीकडं फिरवून बघा, इंजिनाचा आवाज वाढला तर थ्रॉटल केबल ओढली जातेय, तसंच रस्त्यावर नेलं तर वळताना रेस आपोआप वाढेल. आरसे पूर्वीसारखे फिरतात का, इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना, तेही बघून घ्या.

काचेचा पत्रा दोन प्रकारचा येतो. अॅक्रिलिक आरपार छान दिसतं, ओरखडे कमी धरतं, पण दगड लागला तर तडकतं. पॉलिकार्बोनेट दगड सहन करतं, तुटता तुटत नाही, पण ओरखडे पटकन पडतात. आपल्या रस्त्यांवर पुढच्या डंपरच्या चाकातनं खडी उडते म्हणून मी पॉलिकार्बोनेटच घेईन. आता यातली एक गोष्ट जी मेस्त्रींनाही नवीन होती, ती म्हणजे हा पत्रा उन्हात वाढतो. मे महिन्यात उन्हात लावलेली गाडी आणि डिसेंबरची पहाट यात पत्र्याच्या तापमानात पन्नास डिग्रीचा फरक सहज पडतो, तेवढ्यात दीड फुटाचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतो, आणि त्याच्या मागची लोखंडी पट्टी पाव-अर्धा मिलिमीटरपेक्षा जास्त हलत नाही. पत्र्याला हलायला जागा नसेल तर ताण सगळा बोल्टच्या भोकावर येतो, आणि तिथनं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा फुटायला लागतात. म्हणून भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं पाहिजे, दोन्ही बाजूंना रबराचं वॉशर पाहिजे, आणि रबर थोडं दबेल एवढंच आवळायचं. रबर बाहेर फुगून आलं म्हणजे जास्त झालं. बोल्ट सुटू नये म्हणून लॉक लावायचं तर नायलॉनवाला नट वापरा. बोल्ट पक्का करायचं जे निळं-लाल औषध मिळतं ते पॉलिकार्बोनेटला लागू देऊ नका, त्यानं भोकापाशी तडे जातात. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून सगळे बोल्ट एकदा हातानं तपासा, रबर बसतं आणि बोल्ट सैल पडतात.

बसवली, आता चालवायची. पहिल्या दिवशी सरळ हायवेला नेऊ नका. चाळीस, मग साठ, मग ऐंशी, प्रत्येक टप्प्यावर दोन-चार किलोमीटर, हँडल कसं वाटतंय ते बघत. कारण आपण बाजारातनं घेतो त्यातल्या बहुतेक काचा हँडलला लागतात, चासीला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला नाही. चासीला लागलेल्या काचेवर वारा लागला तर तो सगळी गाडी ढकलतो, हँडलला लागलेल्या काचेवर लागला तर तो थेट हँडल वळवायला बघतो. समोरून सरळ वारा असेल तोवर कळत नाही, बाजूनं झोत आला की कळतं. ज्यांना बघायचंय त्यांनी पावसाळ्यात साताऱ्याजवळ चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर जाऊन या, तिथं पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. कड्याच्या आडोशातनं बाहेर पडलो की एका क्षणात वारा बाजूनं मिठी मारतो आणि गाडी हातभर सरकते. अशा वेळी हँडल घट्ट पकडून ठेवायचा मोह होतो, तो आवरा. हात घट्ट केले की अंगाचा प्रत्येक धक्का हँडलला जातो आणि गाडी डुलायला लागते. कोपरं सैल, गुडघे टाकीला चिकटवून, स्पीड दहा-पंधरानं कमी, आणि वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला थोडं झुकून चालवा. मोठी काच, मागं उंच टॉप बॉक्स आणि हवा कमी झालेले टायर हे तीन एकत्र आले की गाडी जास्त डुलते, त्यावेळी अचानक ब्रेक मारू नका, रेस हळूच सोडा.

कराड-पाटण-चिपळूणच्या रस्त्यावर समोरून एसटी आली की वेगळाच प्रकार होतो. आधी एसटीनं ढकललेली हवा काचेवर आपटते, ठप्प करून, आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात तीच हवा तुम्हाला तिच्याकडं ओढते. काच असेल तर हा झटका हातांना जास्त जाणवतो. समोर मोठी गाडी दिसली की पांढऱ्या पट्टीपासून थोडं डावीकडं सरका, हातात सैलपणा ठेवा, दोन-चारदा झालं की हात आपोआप शिकतात.

पाऊस आणि रात्र. हेल्मेटच्या काचेवरचं पाणी मान वळवली की निघून जातं, ग्लोव्ह्जच्या बोटानं पुसता येतं. बाईकच्या काचेवर वायपर नसतो. पाणी, त्यावर पुढच्या ट्रकनं उडवलेला लाल चिखल, त्यात समोरून येणाऱ्याचा अप्पर, आणि काचेवर बारीक ओरखडे असतील तर प्रत्येक ओरखडा त्या लाईटचा तारा करून दाखवतो. काचेच्या वरनं बघत असाल तर यातलं काहीच तुमच्या वाटेला येत नाही. म्हणून मी उंचीचा एवढा आग्रह धरला.

ओरखडे येतात कुठनं तर बहुतेक वेळा पुसण्यातनंच. उसाच्या पट्ट्यात संध्याकाळी किडे मरून चिकटतात, ते आपण कोरड्या फडक्यानं खरवडतो. तसं करू नका, ओलं फडकं दहा मिनिटं काचेवर टाकून ठेवा, सगळं मऊ होतं, मग भरपूर पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ मायक्रोफायबर. घरच्या खिडकीच्या काचेला मारायचे अमोनियावाले स्प्रे नको. आणि वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर तिथं थांबा, कारण बऱ्याच ठिकाणी पोरं शेवटी चमक यावी म्हणून सगळ्या गाडीवरनं डिझेल नाहीतर रॉकेलचं फडकं फिरवतात. माझी पहिली काच अशीच गेली. त्या पोरानं प्रेमानंच पुसली होती, पण दुसऱ्या महिन्यात सगळीवर धुरकट पडदा आला आणि भोकापाशी रेषा फुटल्या. आता मी आधीच सांगतो, बाळा, काचेला फक्त पाणी.

मागं बसणाऱ्याचा विचार दुकानात कोणी करत नाही. आमच्या सौ. पहिल्या फेरीलाच म्हणाल्या, "अहो, मला आधीपेक्षा जास्त वारा लागतोय आणि कानात नुसतं धडधडतंय." बरोबर होतं त्यांचं. माझ्या डोक्यावरनं सुटलेली गढूळ हवा थेट त्यांच्या हेल्मेटवर जात होती, आणि त्या माझ्यापेक्षा थोड्या उंच बसतात. काच खाली घेतल्यावर त्यांचाही त्रास कमी झाला, पूर्ण गेला नाही. तर ट्रायल घेताना मागच्या माणसालाही विचारा.

आवाजाचंही तेच. हायवेच्या स्पीडला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज सहज नव्वद डेसिबलच्या वर जातो, आणि आठ तास ८५ डेसिबल ही कामाच्या ठिकाणची मर्यादा बऱ्याच देशांत धरतात. चुकीच्या काचेनं आवाज वाढतो, बरोबर काचेनं थोडा घटतो, पण लांबच्या प्रवासाला फोमचे इअरप्लग घाला, हॉर्न त्यातनंही ऐकू येतो.

उन्हाळ्यात मात्र विचार करा. काच वारा अडवते तसा घामही वाळू देत नाही, सिग्नलला आणि गावातनं हळू जाताना छातीवर गरम होतं. मी एप्रिल-मेमध्ये गावातल्या गावात फिरायचं असेल तर काढून ठेवतो. पण विदर्भात, मराठवाड्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या दुपारी हायवेला असाल तर गोष्ट वेगळी आहे, हवाच अंगापेक्षा गरम असते, तिचा झोत अंगाला गार करण्याऐवजी तापवतो आणि पाणी शोषून घेतो, तिथं काच आणि अंगभर कपडे दोन्ही ठेवा आणि पाणी पीत राहा.

पहिली काच गेल्यावर घेतलेली माझी आताची काच सोळा इंचांची आहे, कड बरोबर हनुवटीच्या रेषेत, खाली दोन बोटं फट. ऐंशीला खांद्याच्या वरच्या टोकांना वारा लागतो, हेल्मेटला एकसारखा लागतो, बोर्ड लांबनं वाचता येतात. मागच्या महिन्यात भाचा गाडी घेऊन उंब्रजला जाऊन आला आणि म्हणाला, "मामा, तुमची काच माझ्या खांद्यालाच फटके मारते, छातीला काहीच फायदा नाही." तो माझ्यापेक्षा पाच इंच उंच आहे. त्याच्यासाठी पुठ्ठा कापून ठेवलाय, तीन इंचांचा एक आणि पाच इंचांचा एक, आणि आईच्या विणकामाच्या पिशवीतनं लाल लोकर घेतलीय. रविवारी सकाळी सातला, रस्ता रिकामा असतो तेव्हा, तो पुढं चालवणार आणि मी बाजूनं दोरे बघत जाणार.